भोंग्याच्या आधी

बाईंचा वर्ग भरायचा तो एके काळच्या बिस्किटांच्या गोदामात. लढाई थांबून चार महिने झाले होते; म्हणजे आपलं कागदावर. अधूनमधून तोफांना खुमखुमी यायचीच, आणि मग गोदामावरचा, हाताने फिरवायचा जुना भोंगा वाजायचा. तो वाजला की दोन मिनिटांत सगळी मुलं तळघरात, असा मदत समितीचा नियम होता. याच नियमापायी टकमकचा प्रवेश अडला होता.

टकमक नऊ वर्षांची. जन्मापासून ऐकू येत नाही, म्हणून सगळं डोळ्यांनीच टिपून घ्यायची. नाव वर्गानेच ठेवलेलं. गाव बेचिराख झालं तशी वडिलांबरोबर इकडे आली. "जिला भोंगा ऐकू येत नाही, तिची जबाबदारी मी कुठल्या तोंडाने घेऊ?" समितीचे साहेब म्हणाले. माणूस वाईट नव्हता, नियमाला चिकटलेला होता इतकंच. तोवर तिला वर्गात बसायची मुभा होती; महिन्याने ते स्वतः परीक्षा घ्यायला येणार होते, आणि वेळ चुकली तर मुलगी घरी बसणार होती.

बाई हट्टाला पेटल्या. महिनाभर त्यांनी मुलांकडून एकच गोष्ट घोटून घेतली: टकमकला सोडून कुणी हलायचं नाही. सरावाला भोंगा वाजवायची सोय नव्हती, सगळी वस्ती तळघरं गाठायची. म्हणून बाई शिट्टी फुंकायच्या आणि शेजारी बसणारी रेडिओ टकमकला हलवून उठवायची. या पोरीचं नाव रेडिओ का पडलं, ते तिच्याजवळ पाच मिनिटं बसलं की कळायचं.

परीक्षेच्या दिवशी वस्तीत आधी निरोप धाडले गेले. साहेब घड्याळ घेऊन दारात उभे राहिले, टकमकचे वडील कोपऱ्यात. ते गवंडी, कामावरून तसेच आलेले, हाताला सिमेंट वाळलेलं. वर शिपायाने भोंगा फिरवला.

आणि तीसच्या तीस मुलं टकमकवर तुटून पडली. कुणी हात धरला, कुणी दप्तर, एकाने तर वेणी. बाईंचं शिकवणं एवढं अंगी मुरलेलं की दाराकडे कुणी फिरकलंच नाही. तळघर गाठेपर्यंत पावणेपाच मिनिटं झाली. करायला गेले एक आणि झालं भलतंच, म्हणून बाईंनी कपाळाला हात लावला.

साहेबांनी पेन उघडलं.

"साहेब, थांबा ना," रेडिओ म्हणाली. "ती उठलीच होती. भोंग्याच्या आधी. आम्हीच तिला खाली दाबलं."

"वाजायच्या आधी कशी उठेल?"

रेडिओने हातवारे करून टकमकला विचारलं. टकमकने भिंतीला तळहात लावला आणि दुसऱ्या हाताची बोटं थरथरवून दाखवली.

बाईंनी फारच गळ घातली तेव्हा साहेब म्हणाले, "आणखी एकदाच. पण तिला कुणी हात लावायचा नाही, आणि शिपाई त्याच्या मनाला येईल तेव्हा फिरवेल."

पाढे सुरू झाले. सातचा पाढा अर्ध्यावर आला आणि भिंतीला टेकून बसलेली टकमक उठली. बाकावर दोन थापा मारून ती दाराकडे निघाली, वर्ग तिच्यामागे. मुलं जिन्यावर पोचली तेव्हा कुठे भोंग्याला कंठ फुटला. त्याचं जड चाक वेग घेईपर्यंत आवाज येत नाही, पण खालची भिंत आधीच थरथरू लागते. सव्वा मिनिटात वर्ग रिकामा झाला.

"घरीही असंच?" साहेबांनी टकमकच्या वडिलांना विचारलं.

"हो. भिंतीला पाठ लावूनच निजते. लांब गोळा पडला की हीच आम्हाला उठवायची. घरात होतो तेवढे वाचलो." ते तळहातावरचं सिमेंट खरवडू लागले. "तिची आई त्या दिवशी बाजारात गेली होती."

साहेबांनी घड्याळ खिशात ठेवलं. "अहो, मग हे आधी का नाही सांगितलंत?"

"अर्जात विचारलं होतं, मुलीला काय काय येत नाही. तेवढंच लिहिलं."

तो अर्ज बाईंनीच तयार केला होता, तोही मोठ्या मायेने. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. साहेबांनी सही कधी केली, तेही त्यांना कळलं नाही. त्या टकमकच्या बाकावर जाऊन बसल्या, रेडिओकडून खूण शिकून घेतली आणि स्वतःच्या हातांनी विचारलं, तुला काय काय येतं?

टकमकने बाह्या सरसावल्या. मधली सुट्टी झाली तरी उत्तर संपलं नव्हतं, आणि ते बाईंना सांगता सांगता रेडिओचा घसा बसला होता.