आईच्या गोतावळ्याचं गणित

घरात थोरली म्हणून ती सगळ्यांची ताई. कॉलेजात जाळ्यांचं गणित शिकवायची. माणूस म्हणजे ठिपका, ओळख म्हणजे रेघ, आणि कोणता ठिपका आधी तुटेल ते तिचा प्रोग्राम सांगायचा. धाकटा भाऊ चिडवायचा, "ताईला स्थळं काय कमी आली? पण हिला समोर बसलेला मुलगासुद्धा ठिपकाच दिसायचा!"

आई एकेक माणूस विसरू लागली, तेव्हा डॉक्टरांनी हात टेकले. ताईने नाही टेकले. दर रविवारी ती आईकडे यायची, लॅपटॉप मांडीवर घेऊन तिला विचारायची, कोण कुणाचं कोण? आई सांगेल तशा रेघा ओढायची. आठवणीतून शेजारीण गेली, सख्खी जाऊसुद्धा गेली. पण प्रोग्रामचं उत्तर बदलायचं नाही: थोरली लेक सगळ्यांत शेवटी. आईच्या प्रत्येक गोष्टीत ती होती ना! इतक्या रेघा असलेला ठिपका सहजासहजी सुटत नाही. ताईची सगळी मदार त्या उत्तरावर. "अगं, आई म्हणजे काय मशीन आहे?" असं भाऊ म्हणाला, तर त्याच्यावर खेकसली. वेडी आशा हो, दुसरं काय!

त्या रविवारी तिने विचारलं, "आई, थोरली कोण?"

आईचा चेहरा उजळला. "माझी लेक! फार हुशार. लहानपणी जिन्याच्या पायऱ्या मोजल्याशिवाय घरात यायची नाही."

ताईचा जीव भांड्यात पडला. "आणि मी?"

"तुम्ही रविवारच्या बाई. निदान येता तरी. ती मेली फिरकतसुद्धा नाही."

एकाच माणसाचे दोन ठिपके दिसले, की ताई डोळे झाकून त्यांचा एक करायची. कॉलेजातल्या मुलांनाही तेच शिकवायची. आज तिचा हात धजेना. तिने रविवारच्या बाईंचा नवा ठिपका मांडला, त्याची एकच रेघ आईकडे ओढली, आणि तिचा बांधच फुटला.

आई तिच्या पाठीवरून हात फिरवू लागली. "अहो, रडता काय अशा? तुम्हाला आई नाही का?"

"आहे."

"मग जा की तिच्याकडे. माझ्या लेकीसारखं नका करू. वाट बघत असेल हो बिचारी."

ताई उठली, दारापर्यंत गेली. तिथूनच परत फिरली आणि आईशेजारी येऊन बसली. आईने सरकून तिला जागा करून दिली.