तलाठ्याची डोली

करवंदवाडीवर सरकार कधी चढलंच नव्हतं. खालापूरकडून दोन तासांची वाट, त्यात शेवटचा चढ छाती फोडणारा. तलाठी आबाजी पायथ्याच्या पारावर बसूनच सगळ्या डोंगराची पीकपाहणी उरकत. म्हणून तीन पिढ्या नाचणी पिकवूनही ठकूबाईची जमीन कागदावर पडीकच होती. चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात एका ठेकेदाराने त्या ‘पडीक’ जमिनीत कोळशाची भट्टी लावली. तिने चार अर्ज दिले. सरकारी काम, सहा महिने थांब. इथे तर उत्तरच नाही.

जंगलात दडून राहणारे बंदूकवाले मात्र एका दुपारी आले. त्यांनी ठेकेदाराची माणसं झोडपली, भट्टी विझवली आणि जाता जाता वाडीतली दोन भांडणंही मिटवली. बुडत्याला काडीचा आधार, इथे तर अख्खी काठी मिळाली. मग त्यांच्या म्होरक्याने, गजाने, आपल्या टोळीसाठी घरटी एक तरणा गडी मागितला. ठकूबाईच्या घरात एकच होता, तिचा सोमा. त्याला सोमवारी निघायचं होतं.

"भट्टी इजली, पन कागद तसाच हाय," ठकूबाई म्हणाली. "हे गेले का ठेकेदार परत येल."

"कागदवाला वर येतो का गं आये? हे येतात तरी."

तिला भयंकर राग आला, कारण पोराचं खरं होतं.

रविवारी सकाळी ती चार गडी आणि आजाऱ्यांना खाली नेण्याची डोली घेऊन पारावर पोचली. पुढच्या दांड्याला सोमा होता, आईच्या शब्दाखातर. आबाजींनी नेहमीप्रमाणे गुडघेदुखीचं कारण पुढे केलं.

"ऱ्हाऊ द्या गुडघं. तुमी डोलीत बसा," ती म्हणाली. "आजारी मानूस आमी खाली आनतो, तसं तुमाला वर नेऊ."

आबाजी ओशाळले, पण बसले. अंगाने भरलेला माणूस. चढ संपेतो सोमाचा खांदा सोलून निघाला. वर आबाजींनी बांधाबांधाने फिरून नोंद केली आणि वाचून दाखवली: ठकूबाई, नाचणी. सोमाने ती पुन्हा वाचायला लावली.

पुढच्या घराच्या वाटेवर गजा बंदूक घेऊन उभा होता. "सोमा, उद्या सोमवार हाय रं."

"मला नाय जमायचं," सोमा म्हणाला. "अजून अकरा घरांच्या जमिनी कागदावर पडीक हाईत. तलाठी लई जड हाय, चार खांदं लागतात."

त्याने सोललेल्या खांद्यावरच दांडा घेतला. ठकूबाई डोलीच्या पुढे झाली आणि सरळ बंदुकीच्या रोखाने चालत राहिली. गजाला वाट सोडावी लागली.