यानाचा मुराळी

"आजी, यान इंदापूरला नेलं तर तुमचं बिघडतंय काय?" ऋषिराजसायबांनी इचारलं.

मी म्हणलं, "मी काटेवाडीच्या ह्या संग्रहालयाच्या दारात बसती, साळंच्या पोरास्नी गोष्टी सांगती. यान गेलं की पोरं यायची न्हाईत. मग गोष्ट म्हशीला सांगू?"

आभाळात फिरून, समुद्रात पडून रिटायर झालेलं आमचं यान. आता मुंबईत विधेयक मांडलंय, ते इंदापूरच्या नव्या संग्रहालयात न्यायचं. का, तर तितं हायवे हाय. सायेब सरकारकडनं गावाचं म्हणणं लिवून न्यायला आलेले.

सरपंच आप्पासाहेब म्हणले, "चंद्राबाई, सोडा आता. कायद्याम्होरं आपलं काय चालतंय."

"मी कुठं अडवतीया? यान आलं तवा आसं तापलेलं, मी त्याच्यावर अकरा भाकरी भाजल्या."

"आजी, ते ट्रकमधून आलं होतं."

"मग ट्रकमधलं तापत न्हाय व्हय? तवाच ओटी भरली मी त्याची. लेक हाय ती गावची. सासरी पाठवू की, पर रीतीनं. पयल्या वर्साचे सण माहेरी. पंचमी, गौरी, दिवाळी, संक्रांत. आन् मुराळी न्यायला गेल्याबिगर लेक निघत न्हाय."

सायबांनी सगळं 'ग्रामस्थांची अट' म्हणून लिवलं. आप्पासाहेबांचा चष्मा घरी. त्यांनी न वाचताच सही केली, शिक्का मारला.

दोन म्हैन्यांनी मुंबईचा कागद आला. दर सणाला क्रेन कुणाची? रस्ता कोण अडवणार? आन् 'मुराळी' हा कोणता अधिकारी, हुद्दा कळवावा. खुलासा येईस्तवर विधेयक थांबलंय.

तवापासनं दर सोमवारी सायबांचा फोन. डोस्कं उठलंय माजं.

"सायेब, मुराळी म्हंजी भाऊ. लेकीला न्यायला भाऊ जातो. तुमच्या आईला कोण न्यायला यायचं?"

"मामा. पण आजी, यानाला भाऊ असल्याचा पुरावा लागेल."

"हाय की. वरच चकरा मारतोय अजून. उतरला की धाडती तुमच्याकडं."

तिकडं पेन खरखरलं. लिवलं वाटतं त्येबी.

तेवढ्यात सोमेश्वरनगरच्या साळंची बस दारात लागली. मी फोन ठिवला, मुंबईचा कागद घडी करून बुडाखाली घातला.

"या रं, बसा," मी पोरास्नी म्हणलं. "हे यान आलं तवा आसं तापलेलं, मी त्याच्यावर तेरा भाकरी भाजल्या."