सुमतीचा शनिवार

सुमती हे यंत्र होतं. निदान जाहिरातीत तरी तसंच लिहिलं होतं. ‘सुमती: तुमच्या सोसायटीची हुशार मदतनीस. नळ, लिफ्ट, टँकर, काहीही विचारा, क्षणात उत्तर.’ आता हे क्षणात उत्तर देणारं यंत्र म्हणजे लियोरा झिराडकर नावाची एक मुलगी, जुन्या पनवेलात आईच्या घरी पुढच्या खोलीत मांडी ठोकून बसलेली आणि दोन्ही अंगठ्यांना बाम चोळलेली, हे जाहिरातीत कुठून यायचं?

खरं यंत्र बनवायचं होतंच. पण त्याला पैसा लागतो, पैशाला गिऱ्हाईक लागतं, आणि गिऱ्हाइकाला आधी यंत्र लागतं. तेव्हा सध्या आपणच यंत्र व्हायचं, असं लियोरा आणि तिचा भागीदार हरेश या दोघांनी ठरवलं. हरेश गव्हाणचा. ‘तज्ज्ञ कारागिरांचं जाळं’ हे खातं त्याच्याकडे होतं. जाळं म्हणजे तो स्वतः, त्याची स्कूटर आणि एक पाना. बोलावलेला प्लंबर कधी वेळेवर यायचा नाही, म्हणून हरेश व्हिडिओ बघून नळ शिकला, मग फ्लश शिकला, आणि एकदा तर एका आजोबांच्या बाल्कनीतलं कबुतराचं घरटं हलवून आला.

सुमतीची भाषा मात्र लियोरानं फार विचार करून बेतली होती. यंत्रानं यंत्रासारखं बोलावं. ‘आपली तक्रार नोंदवली आहे. कृपया प्रतीक्षा करावी. धन्यवाद.’ समोरची बाई ‘अगं, पाणी सोफ्यापर्यंत आलंय’ म्हणून आकांत करत असली तरी सुमती प्रतीक्षाच करायला सांगणार. लियोराचा जीव इकडे खालीवर व्हायचा, पण शब्द एक इकडचा तिकडे नाही.

अडचण शनिवारची होती. घर ज्यूंचं, शनिवार सक्तीच्या विश्रांतीचा. तिच्या आईनं, मिल्काबाईंनी, खोली देतानाच अट घातली होती. शुक्रवारी दिवे लागले की शनिवारी तीन तारे दिसेपर्यंत त्या फोनला हात लावायचा नाही.

“आपल्या बेने इस्रायली वाडवडिलांनी शनिवारी तेलाचे घाणे थांबवले,” त्या म्हणाल्या होत्या. “अख्ख्या कोकणानं आपल्याला शनवार तेली म्हटलं. घाणा थांबायचा, मग तुझी सुमती काय मोठी लागून गेली?”

लियोरानं अट मान्य केली. तेव्हा शनिवारी त्याच खोलीत येऊन सुमती व्हायचा हरेश.

त्याच्याकडून तिनं भाषा घोटून घेतली होती. पण त्याच्या बोटांना ‘प्रतीक्षा’ काही जमेना. ‘नळाला फडका बांधा, आमी आलोच,’ असं तो लिहायचा. ‘लिफ्ट बंद हाय. दम खात चढा.’ रविवारी ते वाचून लियोरा कपाळाला हात लावायची.

“अरे, यंत्र कधी दम खा म्हणतं का?”

“आजी सहा मजले चढनार होत्या,” हरेश म्हणायचा. “दुसरं काय सांगनार?”

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण लियोराच्या नाकातोंडाशी पाणी आलं होतं. बेलापूरची चांगली नोकरी तिनं सोडली होती. थोरला भाऊ नोम इस्रायलमध्ये अश्दोदला असतो, त्यानं तिकडे तिच्यासाठी नोकरी बघून ठेवली होती. होळीच्या सुमारास येणाऱ्या पुरीमच्या सणापर्यंत एक मोठी सोसायटी पदरात पडली नाही तर निघते, असा शब्द तिनं आईला दिला होता. मागोमाग मिल्काबाईही जायच्या होत्या. त्यांनी तर आवराआवर सुरूसुद्धा केली होती, म्हणजे रोज एकेक भांडं शेजारीपाजारी देऊन टाकत होत्या. लियोराला जायचं नव्हतं. ते ती कुणाजवळ बोलत नव्हती, पण मांडणीवरची रिकामी जागा दिसू नये म्हणून तिकडे पाठ करून जेवायला बसायची.

सण तोंडावर आला होता. मोठी सोसायटी एकच हाताशी होती, नेऱ्याच्या वाटेवरची, पाचेकशे घरांची. महिनाभर फुकटात सुमती वापरून बघत होती. सेक्रेटरी शोभा दातार. कॉलेजात शिकवायच्या.

त्या शनिवारी दुपार कलली तेव्हा दारात एक बाई उभी राहिली. चेहऱ्यावर वर्ग गप्प करण्याची जुनी सवय.

“सुमती इथेच राहते का?”

हरेशनं फोन पाठीमागे नेला.

“मी शोभा दातार. सकाळी सहज विचारलं, तुमचं ऑफिस कुठे? तर सुमती म्हणाली, घरीच बसतो, या की चहाला. पत्ताही दिला. पिठाच्या गिरणीसमोर, जिना सांभाळून चढा, असंसुद्धा लिहिलं.”

“यंत्रानं चहाला बोलावलं?” लियोरा दात आवळून पुटपुटली.

“पत्ता इचारला त्यांनी,” हरेश म्हणाला. “या म्हनायचं नाय?”

शोभाताई खुर्चीत टेकल्या. “हे बघा, स्पष्टच बोलते. सहा दिवस ते यंत्र बोलतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. इतकं कोरडं की आमच्याकडे लोकांनी तक्रारी करणंच सोडलंय. पण शनिवारी तुमच्याकडे कुणीतरी माणूस बसतो. बुधवारी गळायला लागलेला नळ लोक बादली लावून शनिवारी कळवतात. ते यंत्र बंद करा, शनिवारचा माणूस सातही दिवस द्या, लगेच सही करते. नाहीतर राहू दे.”

हरेशचे कान लाल झाले. आणि लियोराला इतका राग आला की डोळ्यांत पाणीच उभं राहिलं. महिनाभर तिनं भरलं ताट बाजूला सारून उत्तरं दिली होती, आंघोळीला जाताना फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून नेला होता. यंत्र म्हणून ती पहिल्या नंबरानं पास झाली होती, आणि तेवढ्यापायी आता सगळं हातचं चाललं होतं.

“यंत्र नाहीच आहे,” ती म्हणाली. “ती मीच.”

“तू? बेसिनखाली साप निघाला तेव्हा ‘सहकार्याबद्दल धन्यवाद’ म्हणणारी?”

“मीच. आणि सर्पमित्र येईपर्यंत इथे येरझाऱ्या घालत होते.”

“मग हे लिहायचं होतंस की.” शोभाताईंचा विश्वास काही बसेना. त्यांनी आपला फोन काढला. “मी पाठवते, तू उत्तर दे. माणूस की यंत्र, माझं मी बघते.”

“आत्ता नाही. तारे दिसल्यावर.”

“म्हणजे?”

“लिही ना एकदाच,” हरेशनं फोन पुढे केला. “सगळं यावरच हाय आता.”

मिल्काबाई आतून येऊन चौकटीत उभ्या होत्या. त्यांच्याकडे लियोरानं पाहिलं. “तुझं तू बघ,” त्या म्हणाल्या. हे त्या जन्मात पहिल्यांदा म्हणत होत्या. फोन अगदी हातापाशी होता. लियोरानं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

“तारे दिसल्यावर,” ती पुन्हा म्हणाली.

शोभाताई उठतील असं सगळ्यांना वाटलं. पण मिल्काबाईंनी शनिवारचा नेम समजावून सांगत आदल्या दिवशीच करून ठेवलेला गव्हाच्या चिकाचा हलवा पुढे ठेवला, आणि एक वडी खाल्ल्यावर शोभाताईंनी पर्स खाली ठेवली. दुसरी खाऊन त्यांनी चपला काढल्या.

दिवस बुडाल्यावर सगळे गच्चीवर गेले. एक तारा दिसला. पाण्याच्या टाकीवर दुसरा. तिसरा उलव्याच्या अंगाला चांगला ठसठशीत निघाला आणि बघता बघता मोठा होत, लाल दिवा मिचकावत विमानतळाकडे खाली उतरला.

“हा धरायचा का?” हरेशनं विचारलं.

“चाकं असलेले तारे धरत नाहीत,” मिल्काबाई म्हणाल्या.

शेवटी तिसरा शोभाताईंनाच सापडला, आणि तो त्यांनी वर्गात दाखवावा तसा बोटानं दाखवला. मिल्काबाईंनी खाली येऊन दिवा लावला, प्रार्थना म्हणून शनिवारला निरोप दिला. हरेशनं फोन लियोराच्या हातात दिला.

शोभाताईंचा निरोप आला: ‘सुमती, तुम्ही खरंच आहात का?’

अंगठे सवयीनं चालले. ‘आपली चौकशी नोंदवली आहे.’ लियोरानं ते पुसलं. मग लिहिलं: ‘आहे. पनवेलला, आईच्या घरी. तुमच्याकडे पाणी सोफ्यापर्यंत येतं तेव्हा मलाही घाबरायला होतं. मला इथून कुठे जायचं नाहीये.’

शोभाताईंनी चष्मा वर करून ते वाचलं, मग चष्मा लावून पुन्हा वाचलं.

“सोमवारी या सहीला,” त्या म्हणाल्या. “आणि ‘प्रतीक्षा’ परत दिसली तर बघा.”

मिल्काबाईंनी तो फोन मागून घेतला. शेवटची ओळ त्यांनी ओठ हलवत वाचली. मग फोन लेकीच्या हातात परत दिला.

“हरेश,” त्या म्हणाल्या, “खालच्या मजल्यावरच्या शांतीकडे जा. माझी मोठी परात दिलीय मी तिला. म्हणावं, परत दे, सणाच्या पुरणपोळ्या इथेच करायच्यात.”