जावयाकडून वदवलेली माफी

छापखान्यात पानं लावणाऱ्या बाईंना सगळे अक्का म्हणायचे. भंगारात निघालेल्या सहा कॉम्प्युटरांवर त्यांनी लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टिम घातली आणि ती मढी उठून कामाला लागली. परवाना विकत घ्यायला नको, व्हायरसची धास्ती नको. खोटही होतीच. गिऱ्हाइकाने पाठवलेल्या फायलीतली अक्षरं अधूनमधून फुटायची, आणि काही अडलं तर अक्कांशिवाय कुणाला ओ की ठो कळायचं नाही.

मालकांचा जावई कारभार बघायला आला, त्याने नेमकं हेच पकडलं. फुटक्या अक्षरांचा एक कागद त्याने सगळ्यांदेखत अक्कांच्या तोंडासमोर नाचवला.

"फुकटातलं असंच असतं. ते वापरणारी माणसंही तसलीच!"

अक्कांची रवानगी बांधणीच्या टेबलावर झाली. पाच मशीनवर विकतची सिस्टिम आली, जोडीला नवा प्रिंटर. सहाव्या मशीनला ती पेलणारी नव्हती, ते लिनक्सवरच राहिलं. अक्का मुकाट्याने पानं दुमडत राहिल्या, पण आतून धुमसत होत्या.

एका सकाळी पाचही मशीन अपडेट घेता घेता अडकली. दुपारी एका परिषदेची पुस्तिका द्यायची होती. जावई धावत बांधणीच्या टेबलाशी आला.

"अक्का, तुमचं ते जुनं मशीन चालतं ना?"

"चालतं की. पण तुमचा नवा प्रिंटर ते ओळखत नाही."

त्याचा चेहरा पडला. खरं तर लिनक्सला तो प्रिंटर ओळखता यावा म्हणून कुणीतरी लिहून फुकट वाटलेला ड्रायव्हर अक्कांनी महिन्यापूर्वीच जेवणाच्या सुट्टीत चालवून पाहिला होता. त्या दोरा ओवत राहिल्या.

"काहीतरी करा, अक्का."

"करीन. आधी माझं चुकलं म्हणा."

तो पुटपुटला.

"तिकडे छपाईयंत्रावरच्या मशीनमनना ऐकू गेलं नाही."

तिसऱ्यांदा तो जवळजवळ ओरडला. दहा मिनिटांत प्रिंटर सुरू झाला. अक्कांच्या जिवाला असा गारवा कधीच मिळाला नव्हता.

संध्याकाळी मालक म्हणाले, "पुन्हा तुमचंच बसवा. पण तुमच्याखेरीज आणखी कुणाला तरी ते यायला हवं."

"जावईबापूंना शिकवते," अक्का लगेच म्हणाल्या.

तेव्हापासून रोज सकाळी तो त्यांच्यासमोर बसून कमांड टाइप करतो. एक टिंब चुकलं तरी त्या अख्खी ओळ पुसायला लावतात.

"अक्का, पुरे करा आता. रडवेला झालाय तो," एक मशीनमन एकदा म्हणाला.

"हो का?" अक्का म्हणाल्या, आणि त्यांनी खुर्ची आणखी जवळ ओढली.