बिनकाट्याचं निवडुंग

आमच्या चंद्रभागाबाईंनी, म्हणजे माझ्या बायकोनं, दोन वर्षांपूर्वी सुनेची एक कुंडी अंगणाबाहेर नेऊन ठेवली. कुंडीत मुठीएवढं निवडुंग होतं. काट्याचं झाड घरात असलं की भांडणं लागतात, हे आमच्या अड्याळ गावात शेंबडं पोरही सांगेल. भांडण लागलंच, पण कुंडी बाहेर गेल्यावर. आठवड्याभरात आमचा मनिष आणि सून डिंपल गावातच वेगळी खोली करून राहायला गेले. कारण ती कुंडीच, असं आम्ही धरून चाललो.

परवा बायकोच्या ब्रह्मकमळाची पहिली कळी उमलायला आली. गल्लीतल्या बायका पूजेला जमल्या. सुनेला तेवढं बोलावणं नव्हतं. तेवढ्यात आमची धाकटी गुंजन, जी भंडाऱ्याला बीएस्सी करते, पुस्तक घेऊन कुंडीशी बसली.

"आई, हे कमळ नाईच. हे निवडुंगाच्या कुळातलं हाये."

"काहीतरीच! काटे कुठी हायेत?"

"याचे काटे गेले. कूळ थोडी जाते? आन् हे पान नाई, खोड हाये. पानातून फूल निघते का कुठी?"

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी जन्मभर धानाची रोवणी केली, मला काय कळणार? पानासारखं खोड, बिनकाट्याचं निवडुंग! माझंच डोकं गरगरलं. बायको हळदीकुंकवाचा करंडा धरून नुसती उभी.

"मंग म्या तिचीच कुंडी काहून काढली जी?" ती मलाच विचारू लागली. मला तिची कीव आली, आणि हसूही आलं, खोटं कशाला बोलू.

तिनं गुंजनला डिंपलला फोन लावायला सांगितला. स्पीकर चालूच होता.

"माह्यं चुकलं बाई," बायको एका दमात म्हणाली. "माह्याच घरी निवडुंग निघालं. तुही कुंडी घेऊन ये, दोन्ही संग ठेवू."

"कुंडी? ते तं म्या त्याच दिवशी देऊन टाकली, आई. कुंडीसाठी घर सोडते का कोणी?"

बायकोनं हातातला करंडा खाली ठेवला. आता मीही पुरता चक्रावलो. फूल अर्धं उघडलं होतं, बायका आरतीसाठी खोळंबल्या होत्या, आणि आमच्यापैकी कोणालाच काही सुधरत नव्हतं.

"मंग काहून गेली व तू?"



"दोन वर्षांत आज पयल्यांदा इचारलं तुमी," डिंपल म्हणाली आणि रडू लागली.