दिव्याला आकडे नसतात

या मित्रांनो, असे पुढे सरकून बसा. कीर्तनात मागे बसणाऱ्याला डुलकी लागते, आणि माझी गोष्ट डुलकी घेत ऐकायची नाही. एका भल्या माणसाचं मन मी मोडलं. ते कसं, तेच सांगणार आहे.

मी एक जुना काटा आहे. जीपमध्ये चालवणाऱ्यासमोर असतो ना, वीज किती तयार होते ते दाखवणारा, तो. गोल डबी, आत आकडे, वर काच. जीप भंगारात निघाली तेव्हा परभणीत सायकलचं दुकान चालवणाऱ्या बन्सीधरकाकांनी मला आणि तिच्या डायनॅमोला सोडवून आणलं. लाकडी घोड्यावर एक सायकल चढवून तिच्या मागच्या चाकाला त्यांनी पट्ट्यानं डायनॅमो जोडला. पुढे जीपचे दोन दिवे, आणि मधे मी. पायडल मारलं की दिवे लागत. जितका पायांचा जोर, तितका माझा काटा पुढे.

हा सगळा खटाटोप भुजंगसाठी होता.

भुजंग लिंबाजी खिल्लारे. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला, तेव्हा गावातलं त्याचं घर जळालं. वडील त्या धक्क्यातून उठलेच नाहीत. आई चांगुणाबाईंना घेऊन तो परभणीला आला आणि वखारीतल्या फळ्या सायकलवरून पोचवू लागला. सव्वीस जानेवारीला परभणीहून मानवतला जाऊन परत यायची सायकल शर्यत असे. पहिला येईल त्याचं नाव, वडिलांच्या नावासकट, लाउडस्पीकरवर तीनदा पुकारत.

"माझ्या बापाचं नाव पुकारलं पाह्यजे, काका," भुजंग म्हणे. "शर्यत आमच्या गावावरूनच जाती. त्या गावाला ऐकू गेलं पाह्यजे."

त्याची खोड एकच. सुरुवातीलाच जीव तोडून पळायचं आणि अर्ध्या वाटेत गळायचं. काका कीर्तनात टाळ धरणारे. ते म्हणत, "बुवा पहिल्याच अभंगाला आवाज फाडतेत का? राखतेत, अन् शेवटाला चढतेत. तसा काटा बारावर धर. समोरून वारा आला अन् सायकल हळू चालली, तर चालू दे. जोर तेवढाच ठेव." मग काका टाळ वाजवत आणि त्या ठेक्यावर भुजंगचे पाय फिरत. रोजचा आकडा ते खडूनं दुकानाच्या फळीवर लिहीत.

दारात माणसं जमत. "भुजंगा, मार जोरात! आमच्या गल्लीतली लाईट गेलीय!"

"तार आणा की, देतो!" भुजंग पायडल न थांबवता हसे.

"काटा खोटं बोलत न्हाई," असं काका येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. मित्रांनो, मी फुलून जात असे.

पंच्याऐंशी सालची खंडेनवमी आली. काकांनी पाने, पक्कड, पंप धुऊन पाटावर मांडले. माझी काच उघडली आणि आकड्यांवर हळदकुंकू वाहिलं.

"काका, मी बुद्धाचा माणूस. मशिनीला कुंकू कशाला?" भुजंग हसत म्हणाला.

"तू नको करू. तुझ्या वाटचं मी करतो. औंदा तुझंच नाव पुकारलं पाह्यजे."

केवढी माया होती त्या बोटांत! पण त्या ओल्या बोटांवरून कुंकवाचा एक कण माझ्या काट्याच्या मुळाशी पडला आणि तिथंच वाळला. त्या दिवसापासून भुजंगनं बाराचा जोर लावला की मी नवावर अडू लागलो.

फळीवर नऊ, नऊ, नऊ लिहिलं जाऊ लागलं.

"काका, पाय लय भरून यायलेत."

"काटा काय म्हणायलाय?"

"नऊच."

"मग अजून मार, लेकरा."

तो मारत राहिला. पहाटे मारायचा, दिवसभर फळ्या ओढायचा, संध्याकाळी पुन्हा मारायचा. गालफडं बसली. एकदा चांगुणाबाई भाकर घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या. "बन्सीभाऊ, दिवे तर डोळे दिपवायलेत की! माझं लेकरू कमी कुठं पडायलंय?"

काकांच्या आधी भुजंगच म्हणाला, "आये, दिव्याला आकडे नसतेत."

एका दुपारी तो एकटाच होता. वाकून माझ्याकडे बघता बघता त्याला तो लाल कण दिसला. त्यानं काचेला नख लावलं. मला वाटलं, सुटलो! पण बोट मागे गेलं. लहानपणी देवळाच्या पायरीला हात लागला म्हणून त्यानं मार खाल्ला होता.

"काकांचा देव हाय," तो पुटपुटला. "त्येंच्या पूजेला कसा हात लावावा?"

शर्यतीच्या आदल्या दिवशी काटा सातावर थांबला. तेव्हा मात्र पाय खरोखरच संपले होते. भुजंग सायकलवरून उतरला. "काका, माझ्यात दम न्हाई राहिला. उद्या मधीच गळालो, तर गाव बापाच्या नावाला हसंल."

शर्यत त्याच्यावाचून झाली. आठ दिवसांनी मायलेक परभणी सोडून गेले. कुणी म्हणालं पुण्याला, कुणी म्हणालं सुरतेला.

पुढच्या खंडेनवमीला काकांनी पूजेसाठी काच उघडली. तो वाळका कण त्यांना दिसला. त्यांनी तो नखानं खरवडला, आणि पंचावन्न वर्षांचा तो माणूस धोतर खोचून सायकलवर बसला. दहा-बारा पायडल मारले असतील. मी सरळ नवावर गेलो.

काका खाली उतरले आणि जमिनीवरच बसले. "माझं नऊ? मग माझ्या लेकराचं किती होतं रे, देवा?"

त्या दिवशी पूजा झाली नाही. पुढे कीर्तनातही काकांचा टाळ चुकू लागला.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं. परभणीत गुलाल उधळला. काका मला खिशात घालून तीन दिवस स्टेशनवर उभे होते. या आनंदाला तरी भुजंग येईल, असं त्यांना वाटलं. तो आला नाही. त्याच उन्हाळ्यात काका वारले. मी आता खिळ्यांच्या डब्यात गंजत पडलो आहे.

मित्रांनो, आमच्यासारख्या यंत्रांना पुसत जा, उघडून बघत जा. पण माझ्या आकड्याआधी दिव्याकडे बघा, आणि दिव्याच्याही आधी पायडल मारणाऱ्याच्या तोंडाकडे बघा. आणि माझं एवढं ऐका. ते नाव लाउडस्पीकरवर कधीच पुकारलं गेलं नाही. तुम्ही तरी ते एकदा मोठ्यानं म्हणा, वडिलांच्या नावासकट. भुजंग लिंबाजी खिल्लारे. आणि तो कुठं भेटलाच, तर त्याला सांगा, काटा अडला होता.